पट्टीवरची रेघ

सकाळी लाकडी पट्टी बुडवली, दहा मोजले,
काढून हवेत हलवली.
पांढरी रेघ उठली अकरावर.
अकरा सेंटिमीटर नायट्रोजन,
चिपळूणची गाडी गुरुवारी,
वादळ बुधवारी, दुपारनंतर, केळशीच्या अंगाला.

डॉक्टर मंडणगडला अडकलेले.
फोनवर एवढंच म्हणाले, हरिश्चंद्र,
फ्रीजमधल्या लशी गेल्या तर जाऊ देत,
कंटेनर आडवा होता कामा नये.
मग टॉवरच आडवा झाला.

गुरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे खोडा.
खाडीचं पाणी पायरीला.
टेबलावर ट्रॅक्टरचा टायर, टायरात कंटेनर,
आणि इकबाल मुकादमानं आणलेला जाळ्याचा दोर,
खांबाला सात वेढे.
"गाठ दर्यावरची आहे," तो म्हणाला,
"सुटायची नाय. पडला तर खांब पडेल."

झाकण घट्ट लावायचं नसतं, वायू कोंडतो.
खोलीही मिटायची नसते:
तो हवेला हळूच बाहेर ढकलतो
आणि माणूस बसल्या जागी निजतो, उठत नाही.
म्हणून सगळं गाव खिळे ठोकून दारं मिटत होतं
तेव्हा मी एक झडप चार बोटं उघडी ठेवली.
त्या चार बोटांतून
रात्रभर समुद्र आत आला.

आत काय, तर कांड्या.
उदबत्तीच्या काडीएवढ्या, निळ्या, पिवळ्या.
एकेचाळीस नंबरचा वळू मरून नऊ वर्षं झाली.
एकदा पाहिला होता, प्रशिक्षणाला गेलो तेव्हा:
तांबूस, ठेंगणा,
माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरवणारा.
ती थरथर इथे थांबून राहिली आहे,
उणे एकशे शहाण्णववर.

पोफळ मोडते ती काडकन नाही मोडत,
आधी लांब कण्हते.
पत्रे मोजत होतो, चौथ्याला सोडून दिलं.
टेबल सरकलं तेव्हा मिठी मारली कंटेनरला,
बायकोला कधी मारली नाही इतका वेळ.
गाल लावून बसलो.
बाहेरून तो गार लागता कामा नये.
गार लागला, घाम फुटला, की समजायचं, गेला.
पहाटेपर्यंत गार होता तो माझा गाल.

पट्टी बुडवली. साडेआठ.

दहाच्या सुमारास भागीरथी गोरिवले आली,
पडलेल्या झाडांवरून, झाडांखालून,
मागे तिची गाय.
"गोठा गेला. चूल गेली," ती म्हणाली,
"पण ही आज माजावर आलीय. हिला काय वादळ कळतं?"

खोडा वाहून गेलेला.
गाय बांधली आडव्या झालेल्या आंब्याला.
झावळ्यांच्या जाळावर पाणी केलं,
थर्मामीटर धरला, सदतीस होईपर्यंत थांबलो.
चिमट्याने एक कांडी उचलली, एकेचाळीस,
पाण्यात अर्धा मिनिट.
हात माझा, सही डॉक्टरांची, हे गावाला माहीत आहे.
गाईने शेपटी बाजूला घेतली
आणि समोर पडलेल्या झाडाचा पाला खाऊ लागली.

"धरेल?"
"एकवीस दिवसांनी कळेल."
"आणि वीज?"
"तिचं काही सांगता येत नाही."

रजिस्टर फुगलेलं, शाई फुटत होती.
तारीख. वळू ४१. गाय तांबडी, दुसरं वेत.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
लिहिलं: छप्पर नाही.