शिक्षण

फॉर्मवर नाव लिहिलं, कुमुद बाबूराव शितोळे.
पत्ता, बाबाजीपुरा, गिरणीच्या मागे.
वय दोन वर्षांनी कमी.
मग रकाना आला : शिक्षण.

अकरा वर्षं मी फाइन आर्ट्सला गेले,
रिक्षा परवडायची नाही म्हणून काळ्या घोड्यावरून चालत.
लाकडी चौथऱ्यावर बसायचं,
पंचेचाळीस मिनिटं, मग चहा, मग पुन्हा तशीच मान.
पोरं मला काढायची.
बसलेल्या बाईला कान असतात
हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पारेख सर एकेकाच्या पाठीशी उभे राहून सांगत,
"सावली काळी नसते, बेटा. जो तो खरो."
"आधी वजन कुठं पडतंय ते बघ. नाक पळून जात नाही."
वजन डाव्या मांडीवर पडायचं.
मुंग्या तिथंच यायच्या.

सुटी झाली की चौथऱ्याखालचे कोळशाचे तुकडे
पदराला बांधून आणायची.
लाइटबिलाच्या पाठीवर पहिला हात काढला,
वांग्यासारखा आला.
दुसरा भरल्या वांग्यासारखा.
मग नणंद झोपलेली. मग कुकर.
मग विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर,
माझ्याच धंद्यातली,
तासभर हलली नाही, वर पगारही मागितला नाही.

एका वर्षी प्रदर्शनात मी भिंतीवर होते.
'बसलेली स्त्री', सात हजार.
खाली नाव एका देसाईचं.
मी त्याला म्हटलं, गुडघा चुकलाय.
तो हसला.
मग चित्राकडे बघितलं, मग गुडघ्याकडे,
आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा,
माझ्या तोंडाकडे.

आता एकोणचाळीस चित्रं आहेत.
गादीखाली ठेवते, म्हणजे सपाट राहतात.
नवरा त्यांच्यावर झोपतो. त्याला चालतं.

"शुं थयुं, बेन?" खिडकीतला माणूस विचारतो.
मी म्हणते, शिकले तिथंच, पण नाव नव्हतं पटावर.
तो मागची रांग बघतो.
"तो लीटी मारी दो ने."

लीटी.
पेन टेकवलं. सुरुवातीला जरा दाबून,
पुढे हलकं, शेवटाला कागदावरून उचलत उचलत.
रकाना संपला तरी
हात थोडा पुढे गेला.