नोंदवही विकणे आहे

एवारिस्तो म्हणतो, दांडी गळा धरल्यासारखी धरू नकोस.
लसूणघासाच्या शेतांवर औषध फवारत
त्यानं चुबुतच्या दरीत चाळीस वर्षं काढली,
आता डावा कान गेलाय,
म्हणून मी उजवीकडे बसून शिकते.

मी मेंढ्यांची डॉक्टर. वय त्रेपन्न.
एका मेंढवाड्यावरून दुसऱ्यावर जायला
खडीचा रस्ता, चार तास, कधी दोन टायर.
पोचेपर्यंत मेंढी गेलेली असते,
कोकरू गार.
म्हणून शिकतेय, हौस वगैरे नाही,
असं बहिणीला सांगितलं.
(अर्धं खोटं होतं ते.)

"अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतेस,
तेव्हा काय दिसतं तुला?"
काहीच नाही.
"मग इथंही बोटांनाच विचार."

दहा तास मी त्याचं विमान जमिनीवर आपटलं.
उतरणं म्हणजे, त्याच्या मते,
जमिनीपासून हातभर वर
नाही उतरायचं, नाही उतरायचं, असं घोकत राहणं,
नाक उचलत, अजून थोडं उचलत,
विमान स्वतःच कंटाळून खाली बसेपर्यंत.
अकराव्या तासाला बसलं.
मी विचारलं, टेकलो का आपण?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मग एका सकाळी तो मधेच उतरला,
दार लावलं, पंखावर थाप मारली, आणि गेला चालत.
त्याचे ब्याण्णव किलो नव्हते,
म्हणून विमान मी म्हणायच्या आधीच उडालं.
वर गेल्यावर मी मोठ्यानं बोलत होते.
काय, ते आठवत नाही.

आता स्वतःचं हवं. पैसे थोडे, म्हणजे विमानं म्हातारी.
पहिल्याचा रंग इतका ताजा
की काय झाकलंय, असं विचारावंसं वाटलं.
वहीतली तीन वर्षं गायब.
पावसात भिजली, मालक म्हणाला.
आमच्याकडे! जिथं वर्षभराचा पाऊस बादलीत मावतो.
दुसऱ्याचं इंजिन गोड बोलायचं,
पण माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

तिसरं लोकर कातरायच्या शेडमध्ये उभं होतं,
दोन जागा, कापडी पंख,
उन्हानं विटलेलं पिवळं,
मागच्या सीटखाली उंदरांचं बिऱ्हाड.
एवारिस्तोनं कापडात अंगठा रुतवून पाहिला,
पोटाखाली आडवा होऊन
स्क्रूड्रायव्हरनं गंज खरवडला,
तेल बोटावर चोळून हुंगलं, काही बोलला नाही.

मालकीण एलुनेदबाईंनी चहा दिला, काळा केक दिला,
आणि नवऱ्याच्या वह्या.
बारीक, तिरकं अक्षर:
"डावं चाक मोडलं. चूक माझी."
"इंधन मोजलं नाही. शेजाऱ्याच्या कुरणात उतरलो. चूक माझी."
"गारा. माझी नाही."
"ढग दिसत होता, तरी गेलो. चूक माझी."
पानामागून पान.

बाईंनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं.
म्हणाल्या, सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत.
सगळे इथं खर्च केले होय मेल्यानं.
आणि हसल्या. मग जरा वेळ हसल्या नाहीत.

शेडबाहेर एवारिस्तो म्हणाला,
तू वही विकत घे,
विमान तिच्याबरोबर फुकट मिळतंय.

परतीच्या दिवशी पश्चिमेचा वारा,
वाऱ्याची पिशवी काठीसारखी ताठ.
तीनदा उसळून एकदाची थांबले,
गुडघे थरथरत होते, एक मेंढा
कुंपणाला तोंड लावून बघत होता.
त्याच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली.
लिहिलं: उतरताना तीनदा उसळलं. चूक...
वाऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

थंडीनं पेन चालेना.
"माझी" चारदा गिरवावं लागलं.