गालातली हवा

रात्री वीज गेली, की सकाळी निर्वात पुन्हा पहिल्यापासून.
पंप घरघरत राहतो
आणि मी चहा जिन्यात पिते.
आत चहा नाही, अत्तर नाही, केळं तर नाहीच.
मागे रावेरच्या हितेंद्रने टेबलाशी एक सोललं
आणि सत्तर या आकड्यावर असा सुळका उभा राहिला
की आठ जणांचे श्वास पुन्हा घ्यावे लागले.

आज अण्णा आले,
धरणगावहून, पाळधीमार्गे, साडेसातच्या एसटीने,
उपाशीपोटी, कारण मी तसं सांगितलं होतं.
एक्केचाळीस वर्षं ओठांत पितळी फुंकणी,
पुढे शेगडी, टाकणखार, रेणाचा धूर.
रेणात काय काय असायचं, कुणी विचारलं नाही.
धूर कुठे गेला, तेही.
आळीतले बारा कारागीर माझ्या यादीत आहेत.
अण्णा सातवे. यादीत नावं नसतात.

"आते फुंक बी मोजस का वं पोरी?"

मोजते, अण्णा. तोडून मोजते.
रेणू आत आला की त्याला असा मार बसतो
की त्याचे तुकडे होतात,
आणि तुकड्यांच्या वजनावरून मी ओळखते
तो कोण होता.
तुम्ही मोड आटवून सांगता ना, तांबं किती, तसंच काहीसं.

"कितलं बारीक?"

गुंजेच्या आठव्या हिश्शाला तुमचा काटा थांबतो.
तिथून बरंच खाली उतरावं लागतं,
इतकं, की खाली आणि वर हे शब्दही
मग कामाचे राहत नाहीत.
त्यांनी मान हलवली,
गिऱ्हाईक भाव सांगतं तेव्हा हलवायचे तशी.

पिशवीच्या नळीला ओठ लावून फुंकले.
काय ती फुंक! सरळ, न थरथरणारी,
नाकातून आत, तोंडातून बाहेर, मधे खंड नाही,
जणू समोर मंगळसूत्राच्या वाटीचा सांधा.
पिशवी तट्ट.

पडद्यावर काही नाही.
खोलीचीच हवा, परत आलेली.
सकाळपासून उपाशी माणूस,
आणि अठ्ठावन्नवर ॲसिटोनची रेघ सपाट.
अडुसष्टवर आयसोप्रीन नाही.
जणू त्या खुर्चीत कुणी बसलंच नव्हतं.

मग आठवलं.
मी सात वर्षांची, हातात छोटी फुंकणी, चक्कर येऊन बसलेली,
आणि ते म्हणालेले,
"छाती नको वतू. दम सरी जाई. गालमा धर."
कारागिराची फुंक छातीतून येतच नाही.
गाल म्हणजे भाता. छाती आपली वेगळीच चाललेली असते.
इतकी वर्षं आगीला त्यांनी
गालातलीच हवा दिली.

मला हवा होता श्वासाचा शेवटचा तुकडा,
फुप्फुसाच्या तळाचा.
(शेवटचा श्वास म्हणायची सवय
आम्ही इथे मोडली आहे.)
छातीतून, अण्णा. रिकामं होईपर्यंत.
पाच वेळा. पाचही वेळा गाल फुगले.
पाचव्यांदा ते माझ्याकडे असे बघत होते
जसं मी त्यांना डाव्या हाताने लिहायला सांगत होते.

राहू द्या, म्हटलं.
पिशवी घेतली, नळी बदलायला वळले.
पाठीमागे खुर्ची करकरली
आणि एक सुस्कारा आला. लांब. तळातून.
"दुकान दी टाकं मी," म्हणाले. "परवादिन."

मी काही बोलले नाही.
यंत्र तेव्हा खोलीची हवा ओढत होतं,
तासाची कोरी नोंद,
जी नंतर सगळ्यांच्या श्वासांतून वजा करतात.
अठ्ठावन्नवर एक टेकाड आलं.
अडुसष्टवर त्याहून बारीक, जेमतेम.

नियमाने ती नोंद बाद.
खिडक्या उघडून, पंधरा मिनिटं थांबून
मी दुसरी घेतली.
पहिली पुसली नाही.

मग त्यांना खाली गाडीवर नेलं.
पोह्यांआधी चहा आला.
त्यांनी बशीत ओतला, बशी उचलली,
आणि फुंकर घातली,
सरळ, न थरथरणारी,
गालातून.