आठ इंची

ऑरिन टॅकेटच्या दुकानाला पाटी नाही.
पडुकात, ओहायोच्या धक्क्याकडे उतरताना
टायरवाल्याच्या मागे एक हिरवं दार लागतं, ते खांद्याने ढकलायचं.
आत कथिलाचा धूर,
आणि पोटं उघडी टाकून पडलेले रेडिओ.

मी अँप्लिफायर टेबलावर ठेवला.
पावाच्या डब्याएवढा. दोन बटणं, पाच वॅट,
मूठ तुटली म्हणून बुटाची नाडी.
"उंदीर?" त्याने विचारलं,
मागची फळी काढायच्या आधीच.

उंदीरच.
स्पीकरचा कागदी शंकू अर्धा कुरतडून
त्याच कागदाचं अंथरूण करून
चुंबकाच्या आडोशाला कुणाचं तरी बाळंतपण झालेलं.

"चिकटवता येईल?"
"येईल. मग आयुष्यभर नाकातून बोलेल."

त्याने चष्मा कपाळावर चढवला,
चौकटीवरचा पुसट शिक्का नखाने खरवडून वाचला:
तीन पॉइंट दोन ओहम.
"चार चालेल. आठ लावलास तरी वाजेल,
पण दम कोंडल्यासारखा.
एवढे गुण जुळले की बाकीचं कानावर."

फळीवरून तीन काढले.
पहिला बसलाच नाही,
चुंबक ट्रान्सफॉर्मरवर आदळला.
("हे लोकांना घरी गेल्यावर कळतं.")
दुसरा नवा, सिरॅमिकचा,
कागद इतका कोरा की बोट लावायची भीती.
तिसरा मोडीत निघालेल्या ज्यूकबॉक्सचा,
जुन्या अल्निकोचा,
चहा सांडून वाळल्यासारखा तपकिरी.

मगरचिमटे लावले. मी गिटार जोडली,
शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात
तिथे वाजवते तेच वाजवलं.

नव्यावर ऑरिन खुलला.
"बघ! तारेला नख लागलेलंसुद्धा ऐकू येतंय!"
मला वाटलं, कुणी डोळ्यात लिंबू पिळतंय.

जुन्यावर त्याने तोंड वाकडं केलं.
"झोपलाय हा. गोधडी टाकलीय याच्यावर."
मला गोधडी दिसली नाही.
सूर आधी श्वास घेत होता, मग येत होता,
आणि जोरात छेडलं की
कडेने जरासा फाटत होता,
हसता हसता आवाज फाटतो तसा.

मी काहीच बोलले नाही.
कथिल वितळायची वाट बघत तोच म्हणाला,
"एकतीस वर्षं बोटींच्या इंजिनखोलीत काढली मी.
वरचे सूर सगळे नदीने नेले.
कुंपणावर तो लाल पक्षी येतो ना सकाळी,
नुसती चोच उघडतो. मिटतो."

"मग स्पीकर कसा निवडतोस?"

"गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघून.
नव्यावर तू डोळे बारीक केलेस.
जुन्यावर खांदे उतरले तुझे.
मला नवाच आवडला, खोटं कशाला बोलू.
पण खोकं तुझं आहे."

चार स्क्रू. एक जुनाच वाकडा,
तोच परत लावला, भोकाला त्याची सवय होती म्हणून.
पस्तीस डॉलर.
घरटं काढायचे पैसे घेतले नाहीत,
पण घरटं एका डबीत ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

निघताना म्हणाला, "थांब. जाड तार."
खोक्यावर त्याने तळहात सपाट ठेवला.
मी छेडली.
"परत."
परत छेडली.
तो हात काढेना, आणि मला वीस मिनिटांत
शाळेची बस घेऊन निघायचं होतं.

बाहेर पायऱ्यांवर पोचेपर्यंत
त्याने तो नवा स्पीकर आपल्या रेडिओला जोडला असावा.
हिरव्या दाराआडून बेसबॉलची मॅच आली,
एवढी धारदार
की समालोचकाचा प्रत्येक 'स' कानाला चावला.
टायरवाल्याने मान वर केली नाही.
तो चाकाचं बोल्ट पिळत होता.