जिभेला कळू नये म्हणून

सात वाजायला आले की यांखो कोंबड्यांच्या खुराड्यामागे जातो.
पाच वर्षांचं पोर, आवाज न करता बसायला शिकलंय.
बाटली त्याला तिथून दिसत नाही,
पण मी आत्ताच हात साबणानं धुतले
हे त्याला कसं कोण जाणे कळतं.

पहिल्या दिवशी मी करंगळी बुडवून चाटून पाहिली होती.
रंग गाजराचा, वास गोडसर दारूचा,
आणि चव अशी, की कुणीतरी
सायकलची जुनी साखळी रॉकेलमध्ये उकळून ठेवली असावी.
दुपारी मासे खाल्ले, तेही तसेच लागले.
पाणी प्यालो. पाणीही.

मग सुरू झाल्या माझ्या लबाड्या.
ऊस. आंबा. गोरखचिंचेचं पीठ साखरेत मळून.
एकदा तर उधारीवर मध.
शेवटी मक्याच्या लापशीत कालवलं, वर शेंगदाण्याचा कूट,
म्हटलं, वा, बघ काय झालीय!
त्यानं एक घास घेतला. माझ्याकडे पाहिलं.
त्या दिवसापासून लापशी बंद.
औषध लपलं नव्हतं,
लापशीच औषध झाली होती.

दवाखान्यात नर्स काम्वेन्डो ओरडली नाही,
वजनकाट्याकडे बोट दाखवलं फक्त.
"ज्यावर पोर जगतं, त्यात काही लपवायचं नसतं.
आधी जीभ बधिर करा. बर्फानं."
बर्फ!
आमच्या वस्तीत विजेचे खांब आलेत,
वीज यायची आहे.

तर आता रोज पहाटे
मी मलावी सरोवराच्या धक्क्यावर असतो.
उसेनी चांबो मासे पेटीत रचत असतो,
थर माशांचा, थर बर्फाचा.
फावड्याच्या टोकानं तो एक ढेकूळ तोडून देतो, पैसे घेत नाही,
त्याची मागची ब्रेक-तार मी बसवून दिली होती.
ढेकूळ भुशात, भुसा गोणपाटात, वरून माझा सदरा.
नऊ किलोमीटर. चढालाही उतरत नाही.
पाठीवरून थेंब थेंब हिशेब चालू.
चाक पंक्चर झालं त्या दिवशी
घरी नुसता ओला सदरा पोचला.

संध्याकाळचा तुकडा रांजणाखाली पुरतो.
नखाएवढा उरतो, पण उरतो.

बर्फाला माशांचा वास. यांखोला चालतो.
या गालातून त्या गालात फिरवतो,
डोळे मोठे करून बोबडं म्हणतो, "अत्ता."
मी पिचकारी गालाच्या आत, पार मागे.
लगेच बोटावर शेंगदाण्याचं लोणी.
चेहरा वाकडा होतोच. थुंकत मात्र नाही.

मग म्हणतो, आता तू.
माझी गोळी गुळगुळीत, पांढरं कवच घातलेली.
मोठ्यांच्या जिभेचा कुणीतरी विचार केलाय.
उतरते ती, कळतसुद्धा नाही.
मी उगाच तोंड वेडंवाकडं करतो.
त्याला बरं वाटतं.

काल त्यानं विचारलं,
"बाबा, आपण दोघंच का घेतो? मावशीची पोरं का नाही घेत?"
नर्स म्हणते, सांगा, पण जरा मोठा होऊ दे,
थोडं थोडं करून सांगा.
त्या शब्दाला मी घरात अजून हात लावलेला नाही.
त्याची आई जाताना तो सोबत घेऊन गेली
असंच आम्ही सगळे वागतो.

मी म्हटलं,
तोंड उघड, बर्फ वितळतोय.