वाढत्या अंगाचं

छप्पन नंबरची फ्रेम निनादची.
तो बंगळूरला गेला आणि ती राहिली
जिन्याखाली, हॅन्डल भिंतीकडे वळवून.
"आहे की घरात, नवी कशाला?"
हे कुणी म्हणालं नाही, मीच म्हणाले.
आमच्याकडे या वाक्याला माणूस लागत नाही.

सीट खाली, पार नळीला टेकेपर्यंत,
आणि सहा महिने पहाटे सुपर कॉरिडॉरवर
मी त्याच्या उंचीला लोंबकळत राहिले.
घरी येईतो करंगळ्या बधिर,
मानेत खिळा,
सिग्नलला थांबायचं तर आधी फुटपाथ शोधायचा.
मला वाटलं, वय.
बावन्नाव्या वर्षी कशालाही हे नाव देता येतं.

सियागंजच्या मागच्या गल्लीत मुर्तझाभाईंनी
उंची विचारलीच नाही.
चपला काढा म्हणाले, भिंतीला पाठ लावा,
आणि हातात दिली उधारीची वही,
लाल कापडी पाठीची, जाडजूड.
"पायांमधे धरा. वर ओढा. और ऊपर."
मग स्वतः शटरकडे तोंड करून उभे राहिले
आणि फुलाफुलांच्या रिद्यातली त्यांची सून
गुडघ्यांवर बसून टेप लावत म्हणाली,
पंचाहत्तर.

जमिनीपासून मी जिथे दुभंगते तिथपर्यंत
पंचाहत्तर सेंटिमीटर.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
माप घेतलं होतं ते ब्लाउजचं, बांगड्यांचं, जोडव्यांचं,
सगळं एका महिन्यात, एकाच मांडवासाठी.
बाकी वाढत्या अंगाचं.
गणवेश वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमड.
ती दुमड उसवायच्या आधीच मी वाढायची थांबले.
बुटात पुढे कापूस.
स्वेटर ताईचा, त्याला कोपरंही ताईची.

हात मोजले. आखूड.
"पन्नास," मुर्तझाभाई म्हणाले, "किंवा ओढूनताणून बावन्न.
सीट वर घेता येते, स्टेम लांबवता येतो,
मोठी फ्रेम कापता येत नाही.
आणि मोठीवर कंबर डोलते, बाईसाहेब.
पाय पुरत नाही ना,
मग कंबर पाय पुरवते."

कंबर.

मालवा मिलचा रस्ता. मी कॅरियरवर.
समोर अण्णांची पाठ, खाकी, मधोमध घामाचं ओलं पान,
आणि खाली ती कंबर,
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.
आई दारातून म्हणायची, निघाली स्वारी डुलत.
मला ती ऐट वाटायची.
शाळेत मी तशी चालूनही बघितली होती.

चोवीस इंची होती ती.
उंच टाइमकीपर, ठेंगणे जॉबर, सगळ्यांची चोवीस इंची,
कारखान्यातून तशीच येई.
चढायला अण्णांना आमचा ओटा लागे,
उतरायला मिलच्या फाटकाजवळचा एक ठराविक दगड.
त्याच नळीखालून पाय घालून मी हाफ पेडल शिकले,
ते मागून धावत ओरडायचे,
मोठी झालीस की पुरतील!
स्वतःचे पुरत नव्हते
हे त्यांनी सांगितलं नाही.
कदाचित मोजलंच नसेल.

दुकानात बावन्न होती, निळी, दोन हजारांनी स्वस्त.
पन्नास एकच, पोपटी,
आंब्याच्या कोयीला कोंब फुटावा तशी.
जिभेवर आलंच होतं, बावन्न द्या, बसेल.
बसेल म्हणजे कधी?

रविवारी सिमरोलचा घाट.
पुरता चढले नाही, खोटं कशाला सांगू,
दुसऱ्या वळणावर दम गेला
आणि मागे एक ट्रक हॉर्न वाजवत उभा.
पाय टेकला.
सरळ डांबरावर, अख्खा तळवा.
दगड बघितला नाही.

फोटो पाठवला तर निनाद म्हणतो,
आई, हा कसला रंग घेतलास?
लिहिलं त्याला,
मापाचा हाच होता.