विषयाचा रकाना

हिंगोलीच्या कचेरीत माझ्या टेबलावर
आवक नोंदवही असते, हिरव्या कापडी पाठीची.
क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा.
विषयाचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात माणूस मावत नाही,
म्हणून मी लिहिते : सा. न्या.
दिवसातून तीस-चाळीस वेळा, टिंबांसकट.

वसतिगृहात पाण्याची टाकी फुटली : सा. न्या.
शिष्यवृत्ती दोन वर्षं अडली : सा. न्या.
झेंडावंदनाच्या दिवशी भर मैदानात
सदस्यबाईला खुर्चीवरून उठवलं : सा. न्या.
एकदा चुकून चहावाल्याच्या बिलावरही लिहिलं.
साहेब हसले. म्हणाले, बरोबरच आहे की,
चार महिने त्याचे पैसे कुठं दिलेत आपण.

धुरपताबाई लिंबाजी खिल्लारे, मु. सावरखेडा,
कयाधूच्या अंगाला.
अर्ज नातीनं लिहिलेला, समासाची रेघ आखून.
मसणवट्याला जायला वाट नाही.
होती ती हळदीच्या वावरात गेली.
वावरवाला म्हणतो, हळद निघू द्या.
हळद निघते, तर म्हणतो, नवे बेड पाडलेत.
"आता मरनारानं हंगाम बघून मरावं का?
तहसीलात गेले तर म्हन्ले, वाट बघा.
बघायला वाट आसली पायजे ना आधी."

मी शिक्का मारला.
काय लिव्हलं वं बाई?
सामाजिक न्याय.
मी तर तसं काही म्हन्ले नाही.
मी वाट म्हन्ले.

एम.ए.ला या शब्दावर वीस गुणांचं उत्तर लिहिलंय मी.
अर्थ, स्वरूप, गरज, शेवटी समारोप.
सोळा पडले होते.
त्या सोळांतलं एकही वाक्य
तिच्यासमोर ठेवण्याजोगं निघेना.
म्हटलं, मावशी, नुसतं वाट लिहिलं
तर कागद बांधकामाकडे जाईल,
बांधकामवाले महसुलाकडे ढकलतील,
महसूल म्हणेल, नकाशात दाखवा.
हा शब्द लिहिला की कागद इथंच थांबतो.

इथंच थांबतो?
मंग काय उपेग?

खरं सांगते, मला राग आला.
याच शब्दाच्या लेखाशीर्षातून माझा पगार निघतो.
यानंच मला औंढ्याच्या वसतिगृहात खाट दिली,
पत्र्याची पेटी, किल्लीसकट.
माझी आई त्याआधी मागायची.
परक्या दारात उभी राहून, मायबाप म्हणून,
पदर दोन्ही हातांनी धरून.
मी अर्ज करायला शिकले.
अर्जाला पोच मिळते.
मायबापाकडे पोच मागता येत नाही.

हे सगळं नाही बोलले. शेवटचं तेवढं बोलले.
तिनं पोच हातात घेतली,
उलटी धरून शिक्का न्याहाळला.
ह्याच्यावर तारीख हाय?
आहे.
मंग म्होरल्या खेपेला ही दाखवून भांडता येईल.
येईल.
मंग राहू दे तुव्हा शबूद.
पर वाट बी लिही.

दोन बोटांत जागा उरली नव्हती.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.
शेरा साहेबांचा असतो, आमचा नसतो, तरी लिहिलं.
वाट. आणि पुढं, ती बोटं दुमडत सांगत गेली तसं :
मोकळ्या हातानं तीनशे नव्वद पावलं,
तिरडी खांद्यावर असली की चारशे सतरा.

ती गेल्यावर पंखा फिरत होता,
पोच फाडलेल्या जागी
कागदाची दातेरी कड हलत होती.

संध्याकाळी साहेबांनी वही पाहिली.
हे काय आहे?

विषय आहे, सर.
रकाना पुरला नाही.